शून्याची नोंद: परक्या माशांची पाहणी, टप्प्याटप्प्याने

तलावात जाळी लागली, सकाळी उचलली, ज्या परक्या (मूळच्या त्या पाण्यातल्या नसलेल्या, बाहेरून आलेल्या) माशाचा संशय होता तो एकही नव्हता. अहवालात ओळ पडते: ‘आढळला नाही’. वाचणाऱ्याने यातून काय समजायचे? जाळी किती होती, आस (जाळ्याच्या भोकाचे माप) किती मिलिमीटरची, पाण्यात किती तास राहिली, तो मासा त्या ऋतूत त्या खोलीवर असतो तरी का? यातले काहीच लिहिले नसेल तर ती ओळ आणि कोरा कागद सारखेच. परक्या प्रजातींच्या पाहणीत बहुतेक दिवस हाती शून्यच येते, आणि ते शून्य भरवशाचे करणे हेच या कामाचे मर्म आहे. मासा सापडणे त्या मानाने सोपे. तो स्वतःच आपली साक्ष देतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. ओल्या जाळ्यातून, बुटांच्या तळव्यातून, होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून पाहणी करणारेच परकी प्रजाती पुढच्या तलावात नेऊन सोडतात. खालचे टप्पे या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम मोडू नका. काही टप्प्यांचा उपयोगच क्रमात आहे.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

पाहणीचे प्रश्न तीनच असतात. मासा आला आहे का? आला असेल तर वाढतो आहे की घटतो आहे? काढून टाकल्यानंतर उरला आहे का? तिन्हींची आखणी वेगळी.

पहिल्या प्रश्नासाठी जिथे मासा असण्याची शक्यता सर्वाधिक तिथेच जा: होड्या उतरवायची जागा, पाणी येण्याचे तोंड, शोभिवंत मासे सोडले जातात असा पूल किंवा बागेजवळचा काठ, मत्स्यशेतीच्या तळ्यांचा निचरा. दुसऱ्या प्रश्नासाठी हे चालणार नाही. तिथे ठिकाणे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दर वर्षी तीच ठिकाणे, तीच साधने, तोच ऋतू ठेवा. शक्यतेच्या जागी मिळालेले आकडे संपूर्ण तलावाला लावले की संख्या फुगते. ही चूक इतकी नेहमीची आहे की दुसऱ्याचा अहवाल हाती आला तर आधी ठिकाणे कशी निवडली ते पाहावे.

आता फेऱ्यांची संख्या. मासा तिथे असताना एका फेरीत सापडण्याची शक्यता ०.३ धरली, तर निसटण्याची ०.७. नऊच्या नऊ फेऱ्यांत निसटण्याची शक्यता ०.७ चा नववा घात, म्हणजे सुमारे ०.०४. ‘नाही’ हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला अशा ९ फेऱ्या लागतात. सापडण्याची शक्यता ०.५ असेल तर ५ पुरतात, ०.१ असेल तर २९.

हा आकडा मनाने लिहू नका. तो मासा नक्की आहे अशा पाण्यात तीच साधने तशीच लावा आणि किती फेऱ्यांत तो मिळतो ते मोजा. स्थिरावलेल्या, भरपूर संख्येच्या ठिकाणी मिळालेला आकडा नव्याने शिरलेल्या मूठभर माशांना लावायचा असेल तर तो कमी करूनच लावा.

सावधान: हे गणित फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच खरे. एकाच खाडीच्या तोंडाशी लागोपाठ तीन रात्री लावलेले जाळे म्हणजे तीन फेऱ्या नव्हेत. जागा आणि दिवस दोन्ही बदला.

तपासा: प्रश्न, लक्ष्य प्रजाती, फेऱ्या आणि ‘सापडला तर कोणाला, किती वेळात कळवायचे’ हे चारही मुद्दे एका पानावर आहेत का? चौथा मुद्दा बहुतेक वेळा गळलेला असतो.

## टप्पा २: निघण्याआधीची तयारी

परवाने आधी. नमुने घेण्याचा, वीजमासेमारीचा (पाण्यात वीज सोडून मासे बधिर करून पकडण्याचा) आणि मासा मारण्याचा परवाना बऱ्याच ठिकाणी वेगवेगळा असतो. शिवाय परकी प्रजाती जिवंत वाहून नेणे किंवा पुन्हा पाण्यात सोडणे अनेक देशांत गुन्हा आहे. सापडलेल्या परक्या माशाचे काय करायचे हे परवान्यात शब्दशः लिहून घ्या, नाहीतर काठावर उभे राहून फोन लावत बसावे लागते आणि मासा बादलीत गुदमरतो.

सामानात हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी:

- पाण्याने न भिजणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि पेन्सिल. अल्कोहोलमध्ये पेनची शाई विरघळते आणि महिन्याभराने बरणीत नमुना उरतो, नाव जाते. पट्टी बरणीच्या आतही टाका आणि बाहेरही लावा.
- ९५ टक्के एथॅनॉल, जनुकीय नमुन्यांसाठी. फॉर्मेलिन वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोक्यात.
- पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे यंत्र, तापमापक, सेकी तबकडी (पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी).
- भरपूर हातमोजे. दर ठिकाणी नवी जोडी लागते, तेव्हा ठिकाणांच्या तिप्पट मोजा.
- बंद बाटल्यांत शुद्ध पाणी, टप्पा ४ मधल्या कोऱ्या नमुन्यांसाठी.
- धुलाईचे सगळे साहित्य. हे परतल्यावर नव्हे, तिथेच लागते.

जाळी पूर्ण पसरून तपासा. हाताएवढे एक भोक असले तरी त्या जाळ्याचा त्या रात्रीचा आकडा गणितात धरता येत नाही. शक्य असेल तर साधनांचे दोन संच ठेवा, एक फक्त ‘मासा नक्की आहे’ अशा पाण्यासाठी, आणि त्यांना वेगळ्या रंगाची पट्टी बांधा. काम खूप सोपे होते.

## टप्पा ३: दिवसाचा क्रम ठरवा

नियम तीन, आणि ते एकमेकांना छेद देतात असे वाटू शकते.

१. वेगवेगळ्या जलाशयांत जायचे असेल तर आधी स्वच्छ, मग संशयित, शेवटी बाधित (परकी प्रजाती नक्की असलेला).

२. एकाच ओढ्यात किंवा नदीत डीएनएसाठी पाण्याचे नमुने (टप्पा ४) घेताना खालून वर जा. वरून खाली आलात तर तुम्ही ढवळलेला गाळ आणि त्यातला डीएनए तुमच्याच पुढच्या नमुन्यात वाहत येतो.

३. कोणत्याही ठिकाणी पाण्याचा नमुना सर्वांत आधी. जाळे, होडी, वेडर (पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख) हे सगळे नंतर.

दुसऱ्या नियमात एक खोच आहे. वाटेत धबधबा किंवा बंधारा असेल आणि परका मासा फक्त त्याच्या खाली असेल, तर खालून वर जाताना तो अडथळा तुम्हीच ओलांडून देता. अशा वेळी अडथळ्याशी थांबा, बूट आणि साहित्य पूर्ण बदला किंवा धुवा, मगच वर चढा. वरचा भाग दुसऱ्या दिवसावर ढकलता आला तर उत्तमच.

## टप्पा ४: पाण्यातील डीएनएचा नमुना

मासा त्वचा, बुळबुळीत स्राव आणि विष्ठा यांवाटे पाण्यात डीएनए सोडतो. ऊन, उष्णता आणि सूक्ष्मजीव यांमुळे तो साधारण काही दिवसांत ते काही आठवड्यांत नष्ट होतो. म्हणूनच ही पद्धत ‘नुकताच इथे होता का’ याला चांगले उत्तर देते. ‘किती होते’ याला फारसे देत नाही.

१. नवे हातमोजे घाला. पाण्यात उतरू नका. उतरावेच लागले तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा आणि बाटली हात लांब करून पुढच्या, न ढवळलेल्या पाण्यात बुडवा.

२. सर्वांत आधी कोरा नमुना: घरून आणलेली शुद्ध पाण्याची बाटली काठावर उघडा, बंद करा आणि बाकीच्या बाटल्यांसारखीच हाताळा. दर दिवशी किमान एक, दर गाळण-संचाला किमान एक.

३. प्रत्येक ठिकाणी किमान तीन स्वतंत्र नमुने, दर वेळी १ ते २ लीटर. एकच मोठी बाटली भरून तिचे तीन भाग केले तर ते तीन नमुने होत नाहीत.

४. शक्यतो तिथेच गाळा. नाहीतर बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी गाळा. स्वच्छ पाण्याला ०.४५ ते ०.७ मायक्रॉनची गाळणी चालते. गढूळ पाण्यात ती दोन-तीनशे मिलिलीटरमध्येच बंद पडते, तिथे १.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठ्या छिद्रांची घ्या, किंवा एका नमुन्याला दोन-तीन गाळण्या वापरा.

५. किती पाणी गाळले ते दर नमुन्याला लिहा. ‘१ लीटर ठरले होते’ ही नोंद नव्हे. ४०० मिलिलीटरला गाळणी बंद पडली तर ४०० लिहा.

६. गाळणी चिमट्याने दुमडून ९५ टक्के एथॅनॉलमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावात ठेवा. चिमटा दर वेळी नवा, किंवा १० टक्के घरगुती ब्लीचमध्ये दहा मिनिटे बुडवून शुद्ध पाण्याने नीट खळबळलेला. खळबळणे राहिले तर उरलेले ब्लीच तुमच्याच नमुन्यातला डीएनए मारते, आणि निकाल मग प्रामाणिकपणे ‘नाही’ येतो.

हा निकाल वाचताना लोक दोन टोकांना जातात. डीएनए मिळाला म्हणजे जिवंत मासा आहेच, असे नव्हे. वरच्या गावाचे सांडपाणी, मासळी धुतलेले पाणी, मेलेला मासा, मासे खाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा, बाधित तलावातून आलेली होडी, सगळ्यांतून तो येतो, आणि वाहत्या पाण्यात कित्येक किलोमीटर खाली पोचतो. उलट, डीएनए मिळाला नाही म्हणजे मासा नाही, असेही नव्हे. कुजणाऱ्या पानांतली ह्यूमिक आम्ले प्रयोगशाळेतली प्रक्रियाच अडवतात. म्हणून प्रत्येक नमुन्यावर हा अडथळा तपासला होता का, हे प्रयोगशाळेला आवर्जून विचारा.

तपासा: कोऱ्या नमुन्यात लक्ष्य प्रजातीचा डीएनए निघाला तर त्या दिवसाचे सगळे ‘आहे’ निकाल बाजूला ठेवा आणि पुन्हा जा. ‘थोडासाच होता’ म्हणून तो वजा करण्याचा मार्ग नाही.

## टप्पा ५: जाळी, सापळे आणि वीजमासेमारी

कोणतेही एकच साधन सगळे मासे पकडत नाही. किमान दोन, आणि दोन्ही वेगळ्या तत्त्वावर चालणारी हवीत.

गिलनेट. हे उभे जाळे, मासे त्यात कल्ल्यांपाशी अडकतात. एकाच आसेच्या जाळ्यात एकाच मापाचे मासे अडकतात, म्हणून अनेक आसांचे तुकडे जोडलेले जाळे वापरा. युरोपात प्रमाण मानले जाणारे बहुआसी जाळे ३० मीटर लांब, १.५ मीटर उंच असते, त्यात ५ ते ५५ मिलिमीटरपर्यंतच्या १२ आसा असतात. काठाला काटकोनात लावा. बारीक आसेचे टोक एकदा काठाकडे, एकदा आत, असे आलटून-पालटून. सूर्यास्ताआधी लावा, सूर्योदयानंतर उचला. कोमट पाण्यात बारा तासांत मासे मरून कुजू लागतात, तिथे दर दोन-तीन तासांनी तपासा आणि तसे नोंदवा. सावकाश पोहणारे, तळाला चिकटून राहणारे मासे गिलनेटला फारसे लागत नाहीत, हे शून्याचा अर्थ लावताना विसरू नका.

फाइक जाळे. मासे काठाने फिरतात आणि आडव्या भिंतीला धडकून आत वळतात, या सवयीवर हे चालते. वाट दाखवणारी जाळीची भिंत काठाला काटकोनात, तोंड काठाकडे. शेवटची पिशवी अशी बांधा की तिचा थोडा भाग पाण्याबाहेर राहील. आत शिरलेल्या कासवाला किंवा पाणमांजराला श्वास घेता आला पाहिजे. हे न केल्याने जी मरतूक होते तिला ‘अपघात’ म्हणता येणार नाही.

लहान सापळे. आमिषाची जात आणि वजन दर वेळी तेच ठेवा, उदाहरणार्थ ५० ग्रॅम. जिवंत मासा आमिष म्हणून कधीच नको. खडकाळ तळाच्या गोबीसारख्या माशांना हेच साधन उपयोगी. सापळ्याचे तोंड मोठ्या नरांना पुरेल एवढे आहे का ते पाहा.

वीजमासेमारी. इथे घाई करू नका.

- तुकडी किमान तिघांची. प्रत्येकाला रबरी हातमोजे, न गळणारे वेडर. किमान दोघांना हृदय-श्वसन पुनरुज्जीवन (सीपीआर) येत असावे. पाऊस सुरू झाला की यंत्र बंद.
- आधी विद्युतवाहकता मोजा, मग व्होल्टेज ठरवा. वाहकता खूप कमी असेल तर जास्त व्होल्टेज लागते. मचूळ पाण्यात प्रवाह इतका वाढतो की पाठीवरचे यंत्र थकते, आणि तिथे ‘मासे नव्हते’ म्हणणे चुकीचे ठरते.
- स्पंदित एकदिश प्रवाह वापरा, प्रत्यावर्ती नको. सर्वांत कमी व्होल्टेजपासून सुरुवात करून मासा दांड्याकडे ओढला जाईपर्यंतच वाढवा. वारंवारता जितकी जास्त तितकी पाठीच्या कण्याला इजा जास्त.
- प्रवाहाविरुद्ध चाला. गाळ मागे जातो, पुढचे दिसते.
- यंत्र प्रत्यक्ष किती सेकंद चालू होते ते नोंदवा, घड्याळातली वेळ नव्हे.

संख्या हवी असेल तर वर आणि खाली जाळ्याने पट्टा बंद करा आणि तीन फेऱ्या काढा, मध्ये अर्धा तास थांबून, प्रत्येकीत सारखीच मेहनत. पहिल्या दोन फेऱ्यांवरून झटपट अंदाज निघतो: पहिल्या फेरीच्या आकड्याचा वर्ग भागिले दोन फेऱ्यांतला फरक. पहिल्या फेरीत ६० आणि दुसरीत २४ मासे मिळाले तर ३६०० भागिले ३६, म्हणजे १००. दुसऱ्या फेरीत पहिलीपेक्षा जास्त मिळाले तर सूत्र लावूच नका. काहीतरी बिघडले आहे, बहुधा पहिल्या फेरीत यंत्राची मांडणी.

ज्या माशांना पोहण्याची पिशवी नाही, जसे गोल गोबी, ते झटका बसल्यावर वर येत नाहीत, दगडांखाली अडकून राहतात. जाळीवाल्याची नजर पृष्ठभागावर असेल तर ते सगळे निसटतात. अशा तळाला दगडांमागे हातजाळी धरून काम करा.

प्लवक जाळी. झेब्रा शिंपल्यासारख्या प्रजातींच्या तरंगत्या पिल्लांसाठी सुमारे ६३ मायक्रॉनची जाळी उभी ओढा. नमुना एथॅनॉलमध्ये ठेवा आणि आम्लतेवर लक्ष ठेवा: आम्लात कवच विरघळते, ओळख जाते. सूक्ष्मदर्शकात ध्रुवीकृत प्रकाश टाकला की कवचावर काळा क्रूस दिसतो. मात्र ऑस्ट्राकॉड हे कवचधारी जीवही तसेच चमकतात, म्हणून आकार पाहिल्याशिवाय मोजणी नको.

## टप्पा ६: ओळख पटवा

इथे ‘जवळपास तोच’ चालत नाही. खुणा फोटोवर नाही, हातात मासा घेऊन तपासा.

- सिल्व्हर कार्प आणि बिगहेड कार्प: पोटाची धार पाहा. सिल्व्हरमध्ये ती गळ्यापासून गुदद्वारापर्यंत सलग. बिगहेडमध्ये फक्त श्रोणिपरांच्या (पोटाखालच्या परांच्या) मुळापासून मागे. कल्ल्याचे झाकण उघडा: सिल्व्हरचे गिल रेकर (कल्ल्यांवरचे अन्न गाळणारे दाते) एकमेकांना जुळून स्पंजासारखे, बिगहेडचे कंगव्यासारखे सुटे. दोघांचा संकर असेल तर या खुणा अर्धवट जुळतात.
- सेलफिन सकरमाऊथ: पाठीच्या परात दहा किंवा जास्त मऊ काटे. त्यासारख्याच दिसणाऱ्या हायपोस्टोमसमध्ये साधारण सात. मत्स्यालयांत दोन्ही एकाच नावाने विकले जातात.
- गोल गोबी: पोटाखालचे दोन्ही पर जुळून बशीसारखे झालेले, पाठीच्या पहिल्या परावर काळा ठिपका. त्याच तळावर राहणाऱ्या स्कल्पिन माशांत हे पर सुटे असतात. बरीच चुकीची नोंद इथेच होते.
- पाकू आणि पिरान्हा: दात पाहा. पाकूचे दाढांसारखे रुंद, पिरान्हाचे त्रिकोणी, धारदार. घबराट नेहमी पिरान्हाची होते, मासा बहुधा पाकू निघतो.
- तिलापिया: नाइल तिलापियाच्या शेपटीवर उभे पट्टे असतात. पण तिलापिया एकमेकांत सर्रास संकर करतात. दिसण्यावरून जात सांगणे म्हणजे पैज लावणे. ‘तिलापिया, जात अनिश्चित’ असे लिहा आणि पराचा तुकडा ठेवा.

चूक होते ती अशी: पिल्लांची ओळख प्रौढ माशांच्या खुणांवरून केली जाते. पाच सेंटिमीटरखालच्या पिल्लांना रंग, धार, खवले यांपैकी बरेच काही आलेले नसते. खात्री नसेल तर पिल्ले प्रयोगशाळेत पाठवा.

फोटो काढताना मासा डावीकडे तोंड करून, सर्व पर पसरून, बाजूला मापपट्टी. एक फोटो पूर्ण, एक डोक्याचा, एक पोटाचा, एक त्या खुणेचा जिच्यावर तुमचा निर्णय आहे. फॉर्मेलिनमध्ये रंग उडतात, म्हणून फोटो आधी.

## टप्पा ७: मोजमाप, मारणे, जतन

लांबी कोणती मोजली ते लिहा. तोंडाच्या टोकापासून दाबलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत ती पूर्ण लांबी. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली तर काट्याची लांबी (फोर्क लांबी). दोन्ही एकाच रकान्यात गेल्या की वाढीचे आलेख बिनकामाचे होतात.

मारणे आवश्यक असेल तर ट्रायकेनचा (माशांना गुंगी आणणाऱ्या औषधाचा) जादा डोस द्या: २५० ते ५०० मिलिग्रॅम प्रति लीटर, किमान तेवढ्याच वजनाचा खाण्याचा सोडा घालून, कारण नुसते ट्रायकेन पाणी आम्लधर्मी करते. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटे ठेवा, मग मेंदू नष्ट करून खात्री करा. आफ्रिकन मागूर आणि स्नेकहेड हवेतून श्वास घेतात. ते औषधाला उशिरा बळी पडतात आणि पिशवीत तासन्‌तास जिवंत राहतात. या दोघांच्या बाबतीत मेंदूची पायरी कधीही गाळू नका. औषध दिलेला मासा कोणाच्या पोटात जाणार नाही अशी विल्हेवाट लावा.

पुराव्याचा नमुना ठेवताना आधी पराचा छोटा तुकडा एथॅनॉलमध्ये, मगच अख्खा मासा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे बाजारातले संहत द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग. फॉर्मेलिनमधून निघालेल्या ऊतीचा डीएनए नीट मिळत नाही. मोठ्या माशाच्या पोटात सुई टोचून द्रव भरा, नाहीतर आतून कुजतो. हे काम उघड्या हवेत, हातमोजे घालून.

## टप्पा ८: निघण्याआधी धुलाई

काठ सोडण्याआधी, गाडीत बसण्याआधी. परत जाऊन धुऊ म्हटले की ते पाणी भलत्याच नाल्यात जाते.

१. पाहा आणि उपटा. जाळ्यातली, दोरातली, ट्रेलरच्या फटीतली प्रत्येक काडी काढा. हायड्रिलासारख्या वनस्पतीचा गाठ असलेला एक तुकडाही नवीन रोप धरतो.

२. पाणी काढा. होडीचा तळ, इंजिन, बादल्या, नमुन्यांच्या पेट्या. उरलेल्या लीटरभर पाण्यात शिंपल्यांची पिल्ले पुढच्या तलावापर्यंत सहज टिकतात.

३. गरम पाणी. बुडवता येणाऱ्या वस्तू ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात किमान १५ मिनिटे. होडीवर फवारा मारायचा तर ६० अंश, एका जागी किमान दहा सेकंद. तापमान यंत्रावर नव्हे, पृष्ठभागावर मोजा. हातभर अंतरात पाणी बरेच निवते, आणि यंत्रावर ६० दाखवत असले तरी शिंपल्यावर ४५ पडते.

४. वाळवा. हाताला कोरडे लागल्यानंतर आणखी ४८ तास. जाड दोर आणि घडी केलेले जाळे बाहेरून कोरडे, आतून ओलेच असते. पूर्ण उलगडून टांगा. थंड, दमट हवेत झेब्रा शिंपले पाण्याबाहेर कित्येक दिवस जगतात, तेव्हा हवा दमट असेल तर फक्त वाळवण्यावर भिस्त ठेवू नका.

ब्लीच सगळ्यावर उपाय नाही. ते जाळ्याचा धागा कमकुवत करते, धातू खाते आणि कवच मिटून बसलेल्या जिवापर्यंत वेळेत पोचत नाही. नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्याचे बूट वापरूच नका; नमदा पाणी धरून ठेवतो आणि त्यातले सूक्ष्म जीव पुढच्या ओढ्यात उतरतात.

तपासा: कोणी, केव्हा, कोणत्या तापमानाने धुतले, याची सही असलेली ओळ पत्रकावर आहे का? सही नसेल तर ते साधन ‘अस्वच्छ’ समजा आणि पुढच्या जलाशयात नेऊ नका.

## टप्पा ९: नोंद आणि कळवणे

शून्य आणि कोरा रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे शोधले आणि मिळाले नाही. कोरा म्हणजे शोधलेच नाही, किंवा लिहायचे राहिले. पत्रकावर लक्ष्य प्रजातीच्या प्रत्येक रकान्यात आकडा असलाच पाहिजे.

प्रत्येक नोंदीत हवे: दशांश अक्षांश-रेखांश पाच स्थळांपर्यंत आणि त्याची संदर्भप्रणाली (जसे WGS84), साधन लावल्याची आणि उचलल्याची वेळ, आस, जाळ्याची लांबी, खोली, पाण्याचे तापमान, वाहकता, सेकी खोली, मिळालेल्या सर्व प्रजाती (देशीही), आणि कोणी ओळखले त्याचे नाव. देशी माशांचे आकडे टाळले तर जाळे मुळात काम करत होते का हे कळायला मार्ग राहत नाही. एका जाळ्यात कुठलाच मासा नसेल तर पहिला संशय जाळ्यावर घ्या.

दराचे गणित करताना बिघडलेली साधने वगळा. आठ जाळी दोन रात्री म्हणजे १६ जाळेरात्री. एक जाळे एका रात्री फाटले तर १५. तीन मासे मिळाले असतील तर एका जाळेरात्रीमागे दर ०.२०. काहीच मिळाले नसेल तेव्हाही आकडा देता येतो: शून्य आलेल्या स्वतंत्र जाळेरात्रींची संख्या ३० असेल, तर एका जाळेरात्रीत मासा मिळण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीने सुमारे ३ भागिले ३० म्हणजे १० टक्क्यांहून कमी. ‘आढळला नाही’ऐवजी हे वाक्य लिहा. काढून टाकल्यानंतरच्या तलावात तर हेच लिहा आणि किमान एक पूर्ण पिढी वाढून अंडी घालेपर्यंत पाहणी चालू ठेवा. एखादी पिल्लांची तुकडी पहिल्या वर्षी आसेतून सहज निसटते.

मासा सापडलाच तर क्रम असा: नमुना आणि फोटो सुरक्षित, ठिकाणाची नोंद दोघांनी तपासलेली, दुसऱ्या जाणकाराकडून ओळख, आणि लगेच टप्पा १ मध्ये लिहून ठेवलेल्या जबाबदार यंत्रणेला फोन. ओळख पक्की होण्याआधी ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. गर्दी येते, होड्या येतात, आणि पुढच्या फेरीचे पाणी ढवळून जाते. फोनवर अनिश्चितता मात्र लपवू नका: ‘बहुधा बिगहेड, पिल्लू, ७ सेंटिमीटर, गिल रेकर अजून तपासायचे आहेत’ एवढे बोलले की समोरच्याला लगेच काय हालवायचे ते कळते, आणि उद्या ओळख बदलली तरी खोटे ठरण्याची पाळी येत नाही.